बोगद्याच्या भिंतीवरची सातवी बाई

पटलं नाही तर सोडून द्या. पण ज्योत्स्ना माझी मावसबहीण आहे, आणि बनवाबनवी तिच्या स्वभावात नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीतला शुक्रवार, दुपारचे दोन. घोडेगावच्या पुढे डोंगरातून काढलेला बोगदा अजून वाहतुकीला उघडला नव्हता.

त्याच्या भिंतीवर चित्रं काढायचं काम ज्योत्स्नाला मिळालं होतं. तिनं तिथं राबलेल्या बायाच रंगवल्या. डोक्यावर घमेली घेतलेल्या सात बाया, एका ओळीत.

सातवी धोंडाबाई. काम चालू असताना छताचा दगड पडून ती तिथंच गेली होती. तिच्या नवऱ्यानं, सोमाजीनं, स्वतः फोटो आणून दिला होता.

"ताई, तेवढीच तिची आठवण ऱ्हाईल," म्हणाला होता.

त्याच आठवड्यात, बुधवारी, बोगद्याच्या कामावरचे साहेब आले. "ही बाई नको. उद्घाटनाला लोक उगाच विचारत बसतील."

ज्योत्स्ना हो म्हणाली. पुढच्या बोगद्याचं काम तिला हवं होतं.

स्वतःच्या हातानं तिनं धोंडाबाईवर करडा रंग मारला. चेहऱ्यावरून ब्रश फिरवताना मान वळवून घेतली.

शुक्रवारी ती उरलेलं काम संपवायला गेली. शिडी धरायला भागुजी होता. तो चहा प्यायला बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसला.

आत सगळं शांत झालं...

मग मागून आवाज आला. घमेलं जमिनीवर ठेवल्याचा.

तिनं वळून पाहिलं. कुणी नाही.

पुन्हा तोच आवाज... या वेळी जवळून.

आणि कानाशी कुणीतरी अगदी साधेपणानं म्हणालं, "पोरी, सरक तिथून."

ती सरकली.

त्याच क्षणी छतातून हातभर दगड सुटला आणि ती उभी होती तिथं आपटला.

भागुजी धावत आला. "ताई, लागलं का?"

"दादा, आत्ता आत कोण बाई आली होती?"

"न्हाई बा. मी तोंडालाच बसलो व्हतो. कुणीच आत गेलं न्हाई."

ज्योत्स्ना भिंतीपाशी गेली. पत्र्याच्या तुकड्यानं करडा रंग खरवडायला लागली. पापुद्रा निघाला.

खाली... कोरी भिंत.

धोंडाबाईच्या लुगड्याचा हिरवा नाही, कपाळ नाही, काही नाही. तिनं पापुद्रा उलटून पाहिला. त्यालाही मागून चित्राच्या रंगाचा ठिपका नव्हता. शेजारच्या सहा जणी मात्र जशाच्या तशा.

संध्याकाळी सोमाजी चित्र बघायला आला. ज्योत्स्नानं काही लपवलं नाही. रंग आपणच मारला, हेही सांगितलं.



"आवाज दमल्यावानी व्हता का?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्यानं कोऱ्या भिंतीला तळहात लावला आणि निघून गेला.

त्यानंतर साहेबांना न विचारता ज्योत्स्ना धोंडाबाईला पुन्हा काढायला तीनदा रंग घेऊन तिथं गेली. तिन्ही वेळा तेवढ्या जागी रंग धरला नाही. ओघळून खाली गेला.

"जीव वाचवला तिनं माझा," ती मला परवा म्हणाली. "पण राग गेला का गं तिचा? ते कुणाला विचारू?"