तीन ठोक्यांना दोन

किल्ली मागायला आला आहेस, हे तुझी गाडी फाटकाशी थांबली तेव्हाच मी ओळखलं. बस. दिवा जवळ ओढ, बॅटरीचा आहे, वास येत नाही. किल्ली माझ्या गळ्यातच आहे, ती कुठे पळून जात नाही. आधी ऐकून घे, मग आत्याला वेड लागलंय म्हण, नाहीतर काहीही म्हण.

तेलाच्या डेपोत माझं काम टाकीच्या तोंडाशी बसण्याचं. टाकी रिकामी झाली की तुझा बाबा मॅनहोलमधून आत शिरायचा आणि तळाचा गाळ खरवडायचा. अंगाने रेडा झाला तरी घरी तो पिल्लूच होता, आजही मी पिल्लूच म्हणणार. आत तोंडावर हवेचा मुखवटा असतो, बोलता येत नाही. म्हणून मी बाहेरून लाकडी हातोडीने पत्र्यावर तीन ठोके द्यायचे, म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ आतून दोन यायचे, म्हणजे ‘आहे.’ आणि तेल आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हला आम्हा दोघांची कुलपं असायची. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसऱ्याचं कापायची वेळ आली, तर आधी टाकीवर तीन ठोके देऊन ऐकायचं. उत्तर आलं नाही, तरच कटर लावायचा. डेपोत बाकी कशातही थापा चालत, पण ह्या नियमाशी कुणी खेळत नसे.

डेपोमागची खाडी तू काळीच पाहिलीस. आमच्या लहानपणी तिच्यात खेकडे होते. ओहोटी लागली की आम्ही बिळांत हात घालायचो, आणि पिल्लू दर वेळी बोट चावून घेऊन रडत घरी यायचा. मग जिच्या कुलपाची किल्ली तू मागतोयस, त्याच टाकीचा तळ फुटला. तेल झिरपत राहिलं आणि साहेब लोक ‘एवढी एकदा भरू, मग बघू’ म्हणत राहिले. खेकडे उलटे होऊन काठाला लागले. बगळ्यांना पंख उघडता येईनात, ते चिखलात बसूनच मेले. मग कुठे तळाला ठिगळ मारलं. मी ते विसरलेले नाही. त्याच डेपोच्या पगारावर आम्ही दोघांनी घरं बांधली, तेही विसरलेले नाही.

ही किल्ली गळ्यात आली त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. मॅनहोलमधून येणाऱ्या तेलाच्या वासाची नाकाला सवय होती, पण अचानक तो वासच बदलला. ओला चिखल, खारं पाणी, ओहोटीचा वास. इतक्या वर्षांनी तो आला आणि मला आधी रडू आलं, भीती नंतर.

मी तीन ठोके दिले. दोन आले. थोड्या वेळाने परत दिले. परत दोनच आले, पण खूप खालून, ओल्या हाताने थापटल्यासारखे. माझा जीव थाऱ्यावर राहिना. मी त्याच्या कमरेचा दोर ओढला. पिल्लू बाहेर आला, मुखवटा काढला आणि वैतागला.

“ताई, किती वेळा ठोकशील गं? उत्तर देऊन देऊन हात दुखायला लागला.”

“दोनदाच ठोकलं मी.”

“दोनदा? अगं, सारखं चाललं होतं... तीन, मग परत तीन...” तो बोलता बोलता थांबला. “खालून येत होते. मी आपला वाकून तळावर उत्तर देत बसलो. तिथे पत्रा पार सडलाय, ताई. खरवडणी आरपार गेली.”

“खाली काय होतं?”

“पाणी... आणि कुणीतरी... खरवडणी धरून ठेवली होती.”

आम्ही दोघंही बाहेर उभे होतो. टाकीत माणूस नव्हतं. आणि आतून तीन ठोके आले, सावकाश, विचारल्यासारखे. पिल्लूने माझा हात धरला, लहानपणी धरायचा तसा.

तेवढ्यात घाईसाहेब आले. नाव त्यांचं दुसरं होतं, पण आम्ही घाईसाहेबच म्हणायचो.

“अजून आटपलं नाही? जहाज धक्क्याला लागलंय, गावातले पंप कोरडे पडलेत. संध्याकाळच्या आत टाकी भरायचीय. कुलपं काढा.”

“तळ सडलाय, साहेब. भरलं की सगळं खाडीत जाईल.”

“त्या खाडीत आता उरलंय काय? एवढी एकदा भरू, मग बघू.”

पिल्लूने आपलं कुलूप काढलं. माझ्याकडे पाहिलं नाही. तू तेव्हा पाळण्यात होतास, मी त्याला बोल लावत नाही. मी मात्र किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

“माझं निघणार नाही.”

“नोकरीवर पाणी सोडायचंय का?”

“सोडलं.”

साहेब तणतणत कटर घेऊन आले. पण नियम त्यांच्याही हाडात मुरलेला. डेपोतली सगळी माणसं त्यांनी बाहेर उभी करून मोजली, एकूण एक हजर. मग माझ्याच हातोडीने टाकीवर तीन ठोके दिले.

आतून दोन आले.

साहेबांनी परत तीन दिले, ह्या वेळी जोरात. परत दोन. कटर त्यांच्या हातातच राहिला. सगळे आपापल्या घरी गेले. त्यानंतर कितीतरी साहेब आले. प्रत्येकाने माणसं मोजली, ठोकलं, ऐकलं आणि परत गेला. टाकी अजून रिकामी आहे. मागच्या चिखलात ह्या वर्षी बिळं दिसायला लागलीत, मी रोज जाऊन बघते.

आता त्या साहेबाच्या खुर्चीवर तू बसलास. तुला वाटलं, आत्या घरची आहे, देऊन टाकेल. नाही देणार. पंप कोरडे पडले तर पडू देत. मीही बाजारात पायीच जाते, गुडघे कुरकुरतात, तरी जाते. मी असेपर्यंत त्या टाकीत तेलाचा थेंब पडणार नाही.

टाकीतल्या उत्तराला मी भीत नाही. काहीतरी जगलंय, एवढंच ते सांगतं. मला भीती वाटते ती त्या तीन ठोक्यांच्या प्रश्नाची. हल्ली तो त्या टाकीपुरता राहिलेला नाही. शेजारच्यांच्या स्टोव्हमधून येतो, रस्त्यावर उभ्या ट्रकमधून येतो...

तू गाडी बंद करून आलास ना? आत कुणाला बसवून आला नाहीस? मग गप्प बस आणि ऐक... फाटकाकडून... तुझ्या गाडीच्या टाकीतून...

तीन.

आहेस ना, म्हणून विचारतंय. तू पिल्लूचा मुलगा, उत्तर तुला ठाऊक आहे. दे ना दोन ठोके, ‘आहे’ म्हणून... हे टेबल आहे, त्यावर दे.

हात का उचलला जात नाही तुझा?