शेवटच्या सिंकचा रंग

आधीच सांगते, ही मी कुठे वाचलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. ती सांगताना दरवेळी तिचा हात गार पडतो आणि तो हात मी स्वतः धरलेला आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी.

वेळ रात्रीची नव्हती. टळटळीत दुपार होती. जागा म्हणजे एका मोठ्या हॉटेलचं स्वयंपाकघर. दुपारची जेवणं उरकली होती आणि रात्रीच्या तयारीला अजून अवकाश होता.

ही माझी बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, इंजिनियर आहे. मोठ्या स्वयंपाकघरांच्या सांडपाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाक्या ती डिझाइन करते. ग्रीस ट्रॅप म्हणतात त्यांना. काम ऐकून लोक नाक मुरडतात, पण ताईला विचारा, ती तासभर सोडणार नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पाण्याला टाकीत थांबायला वेळ मिळाला पाहिजे. थांबलं की तेल वर येतं आणि काढून टाकता येतं. टाकी लहान पडली तर पाणी घाईघाईने निघतं आणि तेलही त्याच्याबरोबर गटारात. म्हणून सिंक किती, त्यांत पाणी किती मावतं, ते किती वेळात रिकामं होतं, हे सगळं मोजून टाकीचं माप ठरवायचं.

तिच्या जोडीला तिचा धाकटा भाऊ असायचा. नळ-पाइपांचं सगळं तो बघायचा. डोकं दाराच्या चौकटीला लागेल एवढा उंच, म्हणून घरात त्याचं नाव टिल्लू. तोंडाला विश्रांती नाही. एका शब्दाचं उत्तर त्याने जन्मात कधी दिलं नसेल.

मामीला हे काम मुळीच पसंत नव्हतं. "त्या टाक्यांत विषारी वायू असतो म्हणे. माझा एकुलता एक मुलगा आहे गं."

"आई, मी त्याला टाकीत उतरू देणार नाही. तो काठावर उभा राहील, बस," असा ताईने शब्द दिला होता. आणि काठावर उभं राहतानाही तिने त्याच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर बांधायला लावला होता.

त्या हॉटेलची तक्रार जरा विचित्र होती. टाकी सारखी भरत होती. ताईने हिशेब केला तर सिंकांच्या मानाने टाकी चांगली ऐसपैस होती. तरीही उपसली की चार दिवसांत वर पुन्हा जाड थर. एवढं तेल त्या स्वयंपाकघरात वापरलंच जात नव्हतं.

"कुठली तरी दुसरी लाइन जोडलेली असणार," ताई म्हणाली. "रंग सोडून बघू."

हे त्यांचं नेहमीचं काम. ताई वर एकेका सिंकमध्ये हिरवा रंग ओतणार. टिल्लू खाली तळघरात, उघड्या टाकीपाशी उभा. रंग टाकीत आला की त्याने ओरडायचं, "दिसला!" मग पुढचं सिंक. खाली टाकीपाशीच ताईने त्याला सांगून ठेवलं होतं, "शेवटच्या वेळी मी हाक मारेन, टिल्लू, शेवटचं ओतते हं!"

आचारी आणि त्याची माणसं मागच्या अंगणात बसायला गेली. सगळे नळ बंद. स्वयंपाकघरात ताई एकटी.

तिने पहिल्या सिंकमध्ये रंग ओतला आणि वरून पाणी सोडलं.

थोड्या वेळाने जिन्यातून आवाज आला. "दिसला! ताई, अगदी तुझ्या त्या साखरपुड्याच्या साडीचा रंग! तिलाही असाच वास यायचा!"

"गप रे!" ताई हसली.

दुसरं सिंक.

"दिसला."

एवढंच...

ताईला वाटलं, वास सहन होत नसेल, म्हणून गप्प असेल.

तिसरं सिंक तिथून बरंच लांब, पार टोकाला. रंग खाली पोचायला वेळ लागायला हवा होता. तिने नळ बंदही केला नव्हता, तोच...

"दिसला."

तोच सूर. तेवढाच आवाज.

"एवढ्यात? नीट बघ रे!" ती ओरडली.

उत्तर आलं नाही.

आता एकच सिंक उरलं होतं, कोपऱ्यातलं. तिथे दिवा नव्हता. ताईने नवी बाटली काढली. झाकण उघडायला ती सिंकवर वाकली, आणि...

"दिसला."

ताईने अजून थेंबही ओतला नव्हता.

आणि आवाज जिन्यातून आला नव्हता. सिंकच्या भोकातून आला होता.

सिंकखालच्या पाइपाला बाक असतो आणि त्या बाकात कायम पाणी साचलेलं असतं. खालचा वास वर येऊ नये म्हणून. तिथून वारा येत नाही, मग माणसाचा आवाज कुठून येणार? हे ताईइतकं कोणाला ठाऊक होतं?

"टिल्लू, चेष्टा पुरे. मी अजून ओतलं नाहीये."

ती भोकावर आणखी वाकली.

मग भोकातलं पाणी हळूच डुचमळलं.

"दिसला."

बाटली खिशात कोंबून ताई जिन्याकडे धावली.

तळघरात टाकीपाशी कोणी नव्हतं. टॉर्च काठावर तसाच जळत होता. आणि वास...

वास नव्हता.

टाकीतल्या त्या विषारी वायूला नासक्या अंड्याचा वास येतो. पण तो फार वाढला की नाक मरतं आणि वास येईनासा होतो. "वास मारतोय तोवर ठीक, वास गेला की पळायचं," हे तिनेच टिल्लूला शिकवलं होतं.

पट्ट्याचा दोर टाकीच्या आत गेला होता.

टिल्लू तळाशी बसला होता. पाठ भिंतीला, मान छातीवर, कमरेपर्यंत पाणी.

ताई जिन्यापर्यंत मागे पळाली, आचाऱ्याच्या नावाने जीव खाऊन ओरडली, छाती भरून श्वास घेतला आणि परत येऊन दोर ओढायला लागली. टिल्लू जागचा हलेना.

तेव्हा वरून, स्वयंपाकघरातून, हाक आली.

"टिल्लू, शेवटचं ओतते हं!"

आवाज ताईचा होता...

पाइपातून टाकीत पाणी पडायला लागलं. हिरवं.

तेवढ्यात आचारी माणसं घेऊन धडधडत खाली आला. सगळ्यांनी मिळून टिल्लूला ओढून वर काढलं, पार जिन्यापर्यंत फरफटत नेलं. तिथे त्याचा श्वास परत सुरू झाला. शुद्धीवर येताच तो लहान मुलासारखा रडायला लागला, "ताई... ताई गं..." ताईचा जीव भांड्यात पडला.

आचारी मात्र तिच्याकडे टक लावून बघत होता.

"मॅडम, तुम्ही खाली कधी आलात? मी आत्ता धावत आलो तेव्हा तुम्ही कोपऱ्यातल्या सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होतात. मी विचारलं, खाली कोण ओरडतंय? तर वळूनही बघितलं नाहीत."

ताईने खिशात हात घातला. बाटली तिथेच होती. भरलेली, झाकण घट्ट.

टिल्लू वाचला. दवाखान्यात ताई त्याच्यावर खूप चिडली. "उतरलास कशाला? मी आईला शब्द दिला होता!"

"तूच बोलावलंस," तो म्हणाला. "पहिला रंग दिसला, मी ओरडलो, आणि लगेच टाकीतून तुझा आवाज आला. पाय अडकलाय म्हणालीस. रडत होतीस गं. मग मी नियम आठवत बसू का?"

म्हणजे पहिल्यानंतर तो एकदाही ओरडला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, वायू डोक्यात गेला की माणसाला भास होतात. असतील. पण ताई तर वर होती. आणि आचाऱ्याच्या डोक्यात कुठला वायू गेला होता?

दोघं पुन्हा तिथे गेले नाहीत. ती दुसरी लाइन कुठून येते, ते आजही कोणाला माहीत नाही. हॉटेल चालू आहे. टाकीचं माप काय ठरलं, म्हणून मालकाचा मध्येमध्ये फोन येतो. ताई उचलत नाही.

मी एकदा तिला समजावायला गेले. म्हटलं, "अगं, जे काही होतं त्याने तुझ्या भावाला वाचवलंच ना? आधीच ओरडलं, म्हणून तर तू खाली धावलीस."

ताईने नकारार्थी मान हलवली.

"ते मला खाली बोलावत होतं," ती म्हणाली. "मोजमाप घेताना टाकीपाशी माझा पाय अडकला होता, ते रडणं त्याने ऐकलं होतं; पण टिल्लूची फक्त साधी हाक ऐकली होती, तेवढीच त्याला येत होती. ते टिल्लूच्या आवाजात रडलं असतं, तर मीसुद्धा त्या टाकीत उडी मारली असती."

मग माझा हात घट्ट धरून ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तळघरातच रडला गं टिल्लू. आता त्या टाकीतल्याला तेही येत असेल."