न थांबणारा माग

"चल ना भार्गव, मागाचा खेळ सुरू होऊन राहिला," म्हणत श्रावणीनं धाकट्या भावाला बाहीला धरून ओढलं. त्यांचा मित्र पियुष केव्हाच गर्दीत घुसला होता.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि गुढियारीतल्या एका बंद गिरणीत जुन्या यंत्रांचं संग्रहालय उघडलं होतं. नाताळच्या सुट्टीत श्रावणी-भार्गवचे आजोबा, नाना, तिघांना घेऊन आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले नाना इंजिनांच्या दालनात असे रमले, की पोरं तिथून सटकली ते त्यांना कळलंही नाही.

सगळ्यांत जास्त गर्दी जपानी मागाभोवती होती. माग चालवणारा गौतम भैया सांगत होता, "यातल्या प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लटकते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग स्वतःच थांबतो."

त्यानं बटण दाबलं. आडवा धागा नेणारा धोटा खडखडत इकडून तिकडे धावू लागला. गौतमनं कात्रीनं एक धागा कापला. माग थांबला. टाळ्या पडल्या.

भार्गवनं मात्र टाळी वाजवली नाही. "ताई, पट्टी पडलीच नाही. मी तिच्याकडेच पाहून राहिलो होतो."

"आणि भैयाचा हात मागे खांबाकडे गेला होता," श्रावणी म्हणाली. गर्दी पांगल्यावर त्यांनी पाहिलं, तर खांबावर माग बंद करायचं लाल बटण होतं.

"मतलब सब झूठमूठ का?" पियुष हसला.

"पण काहून?" श्रावणीनं वाकून मागाखाली पाहिलं. पट्ट्यांच्या खाली पुठ्ठ्याची घडी ठोकून बसवलेली होती. धागा तुटला तरी पट्टी खाली पडायला जागाच नव्हती.

तिनं गौतमला सांगितलं. तो म्हणाला, "यंत्रातलं तुम्हाले काय समजते? जा, बाहेर बोरं मिळून राहिली." संग्रहालयाच्या प्रमुख विनोदिनीबाई फोनवर होत्या. त्यांनी हातानंच 'नंतर' अशी खूण केली.

"आता सगळ्यांसमोरच दाखवू," श्रावणी म्हणाली. "पियुष, तू त्यांना खांबापासून लांब ने. बटणापाशी मी उभी राहते."

पुढचा खेळ सुरू झाला. गौतमनं पहिल्या रांगेतल्या एका चिमुकलीला सांगितलं, "माग थांबला, की तुटलेला धागा तू जोडायचा, हव?" तिनं मान डोलावली. हात आत जाऊ नये म्हणून मागाला लावलेली जाळी त्यानं आधीच उघडून ठेवली होती.

"भैया, एक फोटो," पियुषनं कॅमेरा उंचावला. "इधर आइए, कैंची ऊपर, हीरो जैसे."

गौतम खुशीत पुढे आला, वाकून त्यानं धागा कापला आणि कात्री उंच धरून उभा राहिला. माग खडखडतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. खांब आता लांब होता.

धागा तुटलेला दिसताच ती चिमुकली पुढे झाली. तिचा हात मागाकडे गेला.

श्रावणीनं लाल बटण दाबलं.

माग थांबला. भार्गवनं मुलीला मागे ओढून घेतलं होतं. तिची बोटं धोट्याच्या वाटेपासून वीतभर दूर होती.

गलका ऐकून विनोदिनीबाई आणि नाना धावत आले. भार्गवनं पुठ्ठा ओढून काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"मॅडम, सूत जुनं आहे," गौतम खाली मान घालून म्हणाला. "सारखं तुटते. माग घडीघडी थांबला, तर लोक हसतील असं वाटलं मले."

"आणि त्या पोरीचा हात गेला असता तर?" नानांनी विचारलं. गौतमचे डोळे भरून आले.

विनोदिनीबाई तिघांकडे वळल्या. "तुम्ही सांगायला आलात, तेव्हा मी ऐकायला हवं होतं. तुमच्या नजरेमुळे आज मोठा अपघात टळला." मग त्या म्हणाल्या, "गौतम, तुटलेले धागे जोडा, जाळी लावा आणि चालवा माग. आता खराखुरा."

माग सुरू झाला. कोणी कापायच्या आतच एक धागा आपोआप तुटला, पट्टी टिक् करून पडली आणि माग जागच्या जागी थांबला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गौतमनं वीज तोडून जाळी उघडली आणि त्या चिमुकलीनं जिभेचं टोक बाहेर काढून गाठ मारली. पुन्हा माग सुरू, पुन्हा धागा तुटला, पुन्हा टिक्. टाळ्या आणखी वाढल्या.

"पोट्टेहो," नाना तिघांच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले, "इंजिनं राहू द्या. आता मलेही हेच पाहायचं आहे."