निळाईतला अडलेला निरोप

टेबलावरच्या पडद्यावर पुन्हा तीच अक्षरं आली. ‘हाक दिली. उत्तर नाही. थांबा.’

“आजोबा, हे हाक दिली म्हणतंय. मग उत्तर का येत नाही?” शाल्मलीने विचारलं.

“तेच तर कोडं आहे,” आजोबा म्हणाले. “सोडव बघू. खिचडी येईपर्यंत डोक्याला काम.”

ते हसले खरे, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. इथे तर चांगलंच गार होतं. समुद्राच्या तळाशी कधी उकडतं का?

मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली, काचेचे दोन घुमट होते. जुन्या घुमटात ‘निळाई’ नावाचं उपाहारगृह गेली काही वर्षं चालू होतं. त्याच्या मालकीण सुलभाकाकू गिरप. तिथे मासेही होत, वडेही होत. पण काकूंकडे एकादशी, सोमवार, चतुर्थी धरणारी माणसंही येत, म्हणून त्यांनी शेजारी हा नवा घुमट बांधून घेतला होता. इथे फक्त उपवासाचे पदार्थ येणार होते. उद्यापासून तो सुरू व्हायचा होता. आज एकादशी होती आणि टेबलांवरची ऑर्डरची मशिनं नीट चालतात का, ते बघायला काकूंनी अच्युतराव सामंतांना बोलावलं होतं. अच्युतराव म्हणजे शाल्मलीचे आजोबा. संगणकांची जाळी जोडण्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं होतं.

घुमटात ती दोघंच होती. काचेपलीकडे हिरवट अंधार होता आणि त्यातून मधूनच एखादी मोठी सावली सरकत जायची. शाल्मली तिकडे बघायचं टाळत होती.

“शाले,” आजोबा म्हणाले, “सकाळी मी इन्सुलिन घेतलं. म्हटलं, इथे येऊन लगेच फराळ करू. आता जरा हात थरथरतायत.” त्यांनी हात टेबलावर दाबून धरले. “साखर उतरतेय रक्तातली. काहीतरी गोड लागेल.”

तिने पिशवी उलटी केली. पाण्याची बाटली आणि रुमाल, एवढंच होतं. उपवास म्हणून खाऊ घेतलाच नव्हता. तिने पडद्यावर लिंबू सरबतावर बोट ठेवलं, ‘साखर जास्त’वर ठेवलं आणि ‘पाठवा’ दाबलं.

‘हाक दिली. उत्तर नाही. थांबा.’

भिंतीत पितळेची एक बोलनळी होती, जहाजात असते तशी. तिला वीज लागत नसे, जाळंही लागत नसे. शाल्मली धावत गेली आणि नळीच्या तोंडाशी ओरडली, “काकू, आजोबांना बरं वाटत नाहीये. साखर उतरलीय त्यांची. काहीतरी गोड पाठवा लवकर.”

“अगं बाई,” पलीकडून सुलभाकाकूंचा आवाज आला. “थांब, मीच घेऊन येते.” मग पावलांचा आवाज, आणि मग बराच वेळ काहीच नाही. काकू परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. “बाय, भरती आहे. दोन घुमटांमधल्या बोगद्यात पाणी शिरलंय. उपसायचा पंप लावलाय, पण अर्धा-पाऊण तास तरी जाईल.”

“मग खाण्याची गाडी सोडा ना. ती भिंतीतल्या मोठ्या नळीतून येते ती.”

“ती हाताने सुटत नाही गं. मागे एकदा जुन्या घुमटात एका आजींच्या उपवासाच्या ताटात कांदाभजी गेली चुकून. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं ताट सरकवलं. मला रात्रभर झोप नाही. तेव्हा ठरवलं, नव्या घुमटात माणसाचा हातच नको. सर्व्हरला तिथल्या टेबलाची मागणी मिळाली, तरच गाडी सुटते.”

सर्व्हर (सगळ्या टेबलांच्या मागण्या घेऊन स्वयंपाकघराला सांगणारा मुख्य संगणक) काकूंच्या शेजारीच होता. सरबताची यंत्रं तयार होती. साखर तर डबा भरून होती. आणि या सगळ्यातलं चमचाभर काही इकडे येऊ शकत नव्हतं.

शाल्मली आजोबांजवळ आली. त्यांचा चेहरा पांढरट दिसत होता.

“आजोबा, काय करायचं ते सांगा. मी करते.”

“ऐक,” आजोबा सावकाश म्हणाले. “आपण घरी जेवायला हाक मारतो. ती आपल्या गल्लीत ऐकू जाते. पलीकडच्या गल्लीत जात नाही. जाळ्यातही अशा गल्ल्या करतात. त्याला उपजाळं म्हणतात (मोठ्या जाळ्याचा वेगळा केलेला भाग). काकूंनी उपवासाच्या टेबलांची गल्ली वेगळी ठेवलीय. मागण्या मिसळू नयेत म्हणून.”

“मग पलीकडे निरोप जातो कसा?”

“मधे राउटर असतो (दोन उपजाळ्यांच्या दारात बसून निरोप इकडून तिकडे देणारं यंत्र). आपल्या गल्लीतलं असेल तर थेट हाक. परगल्लीतलं असेल तर दारावर नेऊन द्यायचं.”

“पण मशीनला कसं कळतं, कोण कुठलं?”

आजोबांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. बोट हलत होतं. तिथे टेबलाचा पत्ता होता, १०.४.२.१७. खाली सर्व्हरचा पत्ता, १०.४.१.५. आणि त्याखाली एक विचित्र आकडा, २५५.२५५.२५५.०.

“हा मास्क,” आजोबा म्हणाले (पत्त्याचा कुठला भाग बघायचा आणि कुठला झाकायचा हे सांगणारा आकडा). “जिथे २५५, तिथे बघ. जिथे शून्य, तिथे अंगठा ठेव.”

शाल्मलीने शेवटच्या आकड्यांवर अंगठा ठेवला. वर उरलं १०.४.२. खाली उरलं १०.४.१.

“वेगळं आहे. म्हणजे सर्व्हर परगल्लीतला. म्हणजे आपलं मशीन निरोप दारावर देणार.”

“बरोबर. आणि आधी... आधी नुसतं ‘ऐकू येतंय का’ विचारतं. तिकडून ‘हो’ आलं की मगच... मग मागणी...” आजोबा थांबले. त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं, पण ती कोण हे आठवावं लागत असल्यासारखं. “नलू, दिवा लावलास का?”

नलू हे आजीचं नाव होतं. आजी जाऊन तीन वर्षं झाली होती.

शाल्मलीला रडू आलं. ते तिने गिळलं. काचेपलीकडून पंपाची घरघर येत होती, एकसारखी, कितीही वेळ चालणार असल्यासारखी. तिने आजोबांचा गार, घामेजलेला हात धरला. “आजोबा, मी शाली. उत्तर का येत नाही ते सांगा ना.”

आजोबांनी डोळे मिटले. ओठ हलले. “दोन्ही टोकांनी,” ते पुटपुटले. “दोन्ही टोकांनी झाकून बघ.”

ती बोलनळीकडे धावली. “काकू, दारावरच्या राउटरचा पडदा दिसतो का? आमचा निरोप तिथे आलाय का?”

“थांब हं, चष्मा लावते. हो, आलाय. २.१७ कडून आला, सर्व्हरकडे दिला, असं म्हणतोय. एकदा नाही, ओळीने कितीतरी वेळा.”

म्हणजे जायची वाट चांगली होती. “आता सर्व्हरवर काय दिसतं?”

“याने एकच धोशा लावलाय बाई. ‘१०.४.२.१७ कोण आहे? उत्तर नाही. १०.४.२.१७ कोण आहे? उत्तर नाही.’ आंधळ्यासारखा विचारत सुटलाय.”

शाल्मली नळीला कान लावून उभी राहिली. सर्व्हरला निरोप मिळाला होता. त्याला ‘हो’ म्हणायचं होतं. पण ते ‘हो’ दारावर द्यायचं सोडून तो स्वतःच्याच गल्लीत उभा राहून टेबल सतराला हाका मारत होता. का? टेबल त्याच्या गल्लीत नाही, हे त्याला कळत नव्हतं का?

दोन्ही टोकांनी झाकून बघ.

“काकू, सर्व्हरच्या पत्त्याखाली मास्क लिहिलाय. तो वाचा.”

“मास्क... हा. २५५, २५५, शून्य, शून्य.”

दोन शून्यं. शाल्मलीने हवेतच बोटं धरली. शेवटचे दोन आकडे झाकले तर टेबलाचं उरतं १०.४. सर्व्हरचं उरतं १०.४. दोन्ही सारखे. सर्व्हरला सगळे आपल्याच गल्लीतले वाटत होते. मग तो दारावर कशाला जाईल?

“काकू, तिथे दोन शून्यं कुणी घातली?”

मग काकू हळू आवाजात म्हणाल्या, “मीच सांगितली. मशीन बसवणारा मुलगा विचारत होता, काकू, सर्व्हरने किती जणांना घरचं समजायचं? मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण घरचाच. सगळ्यांना घरचंच समज.”

“तिसऱ्या जागी २५५ करा. आणि खाली दारवाल्या राउटरचा पत्ता लिहिलाय का बघा.”

“आहे. १०.४.१.१. बाय, नक्की ना? हे बिघडलं तर जुन्या घुमटाच्या ऑर्डरीही बंद पडतील.”

शाल्मलीने वळून पाहिलं. आजोबांची मान एका बाजूला कलली होती. नक्की? तिला काहीच नक्की वाटत नव्हतं. तिने पुन्हा बोटं धरली. एक शून्य, एकच आकडा झाकायचा. १०.४.२ आणि १०.४.१. वेगळे. वेगळे म्हणून दारावर. दारावरून इकडे.

“नक्की,” ती म्हणाली. “करा.”

“केलं. आता म्हणतोय, बंद होऊन पुन्हा चालू होणार.” मग नळीतून पुटपुटणं ऐकू येऊ लागलं. काकू विठ्ठलाचं नाव घेत होत्या.

शाल्मलीने आजोबांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. “झोपायचं नाही. आजोबा, माझ्याशी बोला. टेबलाचा पत्ता सांगा.”

“दहा,” आजोबा म्हणाले. बराच वेळ गेला. “चार.”

“पुढे?”

आजोबा पुढचं बोलले नाहीत. सर्व्हर बंद होताच टेबलावरचा पडदाही काळा झाला होता. मग त्यावर एक ठिपका आला आणि अक्षरं उमटली. ‘हाक दिली.’

आणि खाली, ‘ऐकू आलं. मागणी सांगा.’

घाईत तिचं बोट सरबताऐवजी आधी रताळ्याच्या किसावर पडलं. तिने ते पुसलं, सरबत निवडलं, साखर जास्त, पाठवा. भिंतीतल्या मोठ्या नळीत सुर्र असा आवाज झाला आणि छोटी गाडी टेबलाशी येऊन थांबली.

“आजोबा, घोट घ्या. थोडा. आता गिळा. अजून एक.”

अर्धा पेला संपायला युगं लागली. मग आजोबांनी आपणहून पेला धरला. काही मिनिटांनी त्यांच्या गालांवर रंग आला आणि त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, “शाले, तू रडतेस कशाला?”

तेव्हा मात्र ती खरोखर रडली.

बोगद्याचं दार उघडलं तेव्हा सुलभाकाकू घोट्यापर्यंतच्या पाण्यातून चालत आल्या, हातात केळ्यांची फणी घेऊन. आल्या आल्या त्यांनी आजोबांचे हात चाचपून पाहिले.

“सामंत, तुमचा उपवास देवाला पोचला. आता मुकाट्याने खा. आणि पुढच्या एकादशीला आधी डॉक्टरांना विचारा. सुई टोचून रिकाम्या पोटी देवाचं नाव घ्यायला देवाने सांगितलेलं नाही.”

“नाही सांगितलेलं,” आजोबांनी कबूल केलं आणि केळं सोललं. “चुकलं माझं.”

“चूक माझीही. त्या बिचाऱ्या सर्व्हरला मीच चकवलं. आता त्या गल्ल्याच काढून टाकू का? सगळं एकत्र करून टाकते.”

आजोबांनी शाल्मलीकडे पाहिलं. उत्तर तिने द्यावं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

ती विचार करत म्हणाली, “नको. उद्या इथे लोक येतील. त्यांचे फोन, मुलांची खेळणी, सगळं जाळ्यात बोलायला लागेल. तो गलका स्वयंपाकघरात आणि बिलांच्या हिशेबात शिरायला नको. गल्ल्या वेगळ्याच बऱ्या. फक्त कोण वेगळं आहे ते दोन्ही टोकांना ठाऊक पाहिजे. एकालाच ठाऊक असलं की निरोप जातो आणि उत्तर अडतं.”

“म्हणजे लोकांना मी घरचं समजायचं, सर्व्हरने नाही,” काकू म्हणाल्या.

“सर्व्हरने दारावर जायचं,” आजोबा म्हणाले. “एवढी माया त्याला पुरे.”

काकू हसल्या. मग सांगू लागल्या की पुढच्या वर्षी आणखी खोलात, प्रवाळाजवळ, शाळेतल्या मुलांसाठी तिसरा घुमट बांधायचा आहे. तिथे मुलं राहतील, मासे बघतील, शिकतील. त्याचं जाळं तपासायला कुणीतरी लागेल.

शाल्मलीने काचेबाहेर पाहिलं. पाण्यात उन्हाच्या तिरिपी उतरल्या होत्या आणि त्यांतून चांदीसारख्या लहान माशांचा थवा वळत होता.

“मी येईन,” ती म्हणाली. “पण तिथे गाडी हाताने सोडायची एक कळ पाहिजे. जाळं बंद पडलं तरी चालेल अशी.”

“आणि चुकून कांदाभजी गेली तर?”

“तर परत पाठवता येते काकू.”

काकूंनी पदराने डोळे टिपले. “तिथे पुढच्या वर्षी,” त्या उठत म्हणाल्या, “इथे आजच बसवते,” आणि पाना आणायला बोगद्याकडे चालू लागल्या.