मधल्या खोलीची चौकट

ये, आत ये. मॅडमनी पाठवलं ना? सकाळीच फोन आला होता त्यांचा. नवीन मुलगी येतेय, साइट समजावून दे म्हणाल्या. आधी तो स्कार्फ सोड, पुण्यात गाडीवरची प्रत्येक मुलगी दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसते. हां. केस मोकळे सोड, वाळू देत. लोडशेडिंग आहे, पंखा चारनंतर. खिडक्याही बंद ठेवाव्या लागतात, शेजारी झोपलेत. या पेठेत दुपारी माणूस मेला तरी चारनंतर रडतात.

नाव काय म्हणालीस? निकिता. बरं.

बस कुठेही. मी या सिमेंटच्या पोत्यावर बसलोय, उठत नाही, राग मानू नको. उभी राहा हवं तर, पण त्या चौकटीला टेकू नकोस. रंग ओला आहे.

तर साइट. बिल्डिंग इंग्रजांच्या काळातली. गोल बाल्कन्या, रंगीत फरशा, आणि महापालिकेच्या हेरिटेज यादीत नाव. म्हणजे बाहेरून काही बदलायचं नाही, आतलंही जुनं लाकूड शक्यतो तेच ठेवायचं. पूर्वी इथे भाडेकरू होते, आता हिंजवडीवाले फ्लॅट घेतात आणि विचारतात, एसीचं भोक कुठे पाडू? आपण सांगायचं, कुठेही नाही. एवढंच काम आहे आपलं.

हा फ्लॅट माझ्या मित्राचा. प्रज्ञेश. येरवड्याला एका वर्गात होतो आम्ही. त्याचे वडील, रामदासकाका, जेलमध्ये नोकरीला होते, राहायला सरकारी क्वार्टर. आता प्रज्ञेश सॉफ्टवेअरमध्ये. बायको आम्रपाली, आणि एक मुलगी, हिरा. अजून शाळेतही जात नव्हती तेव्हा. पेठेत घर घ्यायचं त्याच्या डोक्यात कधीपासूनचं. का, विचारलं तर म्हणायचा, "इथल्या लोकांना माझ्या नावाची पाटी वाचायला लावायचीय."

विकणाऱ्या बाई म्हणजे विमलाबाई. कोथरूडला भाच्याकडे असतात. त्यांनी व्यवहारात एक अट घातली होती. मधल्या खोलीच्या दाराची चौकट काढायची नाही, बदलायची नाही. मॅडम खूश झाल्या, म्हणाल्या, बघा, जुन्या लोकांना किती जाण असते. मी म्हटलं, असेल.

मग मी आणि दशरथमामा इथे रंग खरवडायला आलो. दशरथमामा म्हणजे आपले सुतार, धायरीचे. खरवडायचं म्हणजे काय, तर रंगाचा एक-एक थर काढत मूळ रंगापर्यंत जायचं. अशीच दुपार होती. खिडक्या बंद, इमर्जन्सी लॅम्प लावलेला, थिनरचा वास. तपकिरी निघाला, खाली हिरवा, खाली निळा, खाली पिस्ता. आणि सगळ्याच्या खाली, लाकडावर, पेन्सिलीच्या रेघा.

घरोघरी असतात तशा. मुलांची उंची मोजलेल्या. मला बरं वाटलं खरं तर. फोटो काढायला मी लॅम्प जवळ नेला, तर मामा म्हणाले, "भाऊ, ह्ये उलटं हाय."

सगळ्यात वरची रेघ माझ्या डोक्याच्या उंचीला. शेजारी नाव, रंगराव. त्याखाली रंगराव. त्याखाली परत रंगराव. खाली-खाली येत छातीपर्यंत, आणि तिथे रंगराव संपला. मग परत वर, मथुरा. मथुरा पार मांडीपर्यंत गेली होती. मग विमला. विमला कमरेच्या जरा वर थांबली होती.

एकाच हातचं अक्षर. वळणदार, शाळामास्तरासारखं.

मी म्हटलं, "मामा, पेठेतली माणसं. वय वाढलं की स्वतःला कमी समजत असतील."

मामा हसले नाहीत. त्यांनी अंगठ्याने शेवटची रेघ पुसून बघितली आणि अंगठा मला दाखवला. काळा झाला होता. एवढ्या थरांखालची पेन्सिल, आणि ताजी.

आणि वास येत होता. थिनरचा नाही. पेन्सिलला नुकतं टोक केल्यावर येतो ना, तो.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, वा, जतन करा.

पुढच्या रविवारी प्रज्ञेश सगळ्यांना घेऊन आला. आम्रपालीने ओटा बघितला, नाक मुरडलं. हिराला फरशा आवडल्या, ती फक्त लाल फरशांवर पाय ठेवून चालत होती. प्रज्ञेश या रेघांपाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "सुद्या, पेन्सिल दे."

मी म्हटलं, "हेरिटेज आहे, लिहू नको. मॅडम मला भिंतीत चिणतील."

"आमच्या क्वार्टरला दरवर्षी सरकारी चुना मारायचे," तो म्हणाला. "पप्पा माझी उंची लिहायचे आणि दिवाळीच्या आधी ती पुसली जायची. मी कधी किती होतो, मला माहीतच नाही. हिची पुसली जाणार नाही. माझं घर आहे."

दिली पेन्सिल. हिरा चौकटीला पाठ लावून उभी राहिली, टाचा उचलून. आम्रपाली म्हणाली, "चीटिंग नको, हिरे." टाचा टेकल्या. प्रज्ञेशने रेघ मारली, नाव घातलं, खाली तारीख. तिघं टाळ्या वाजवत होते.

सोमवारी दुपारी मी एकटाच होतो. आतल्या खोलीत फरशा मोजत होतो. गल्लीत कुत्रंही भुंकत नव्हतं. आणि इथून आवाज आला. कर्र... कर्र... थांबून परत, कर्र. शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवतात तसा.

बाहेर आलो. कोणी नाही. हिराच्या रेघेखाली बोटभर जागा सोडून दुसरी रेघ होती. हिरा. वळणदार.

त्या आठवड्यात आम्रपालीचा फोन आला. सहज. "भाऊजी, तुमच्याकडे टेप असते ना? हिचा नवीन फ्रॉक पायात येतोय. शिंप्याने चुकीचा शिवलाय का बघायचंय." मी म्हटलं, शिंपीच चुकला असेल. फोन ठेवला आणि तडक धायरीला निघालो.

दशरथमामांना आणलं. म्हटलं, रंधा मारा, हिराचं नाव काढून टाका, मॅडमचं मी बघतो. मामांनी रंधा लावला आणि एकदाच फिरवला. लाकडाचा पापुद्रा निघाला, अगदी पातळ.

माझा मोबाइल वाजला. आम्रपाली. मागे हिरा ओरडत होती, तसं ओरडणं मी ऐकलं नव्हतं कधी. "डोक्याला हात लावू देत नाहीये... पडली नाही, काही नाही, खेळत होती... तुम्ही प्रज्ञेशला सांगता का, त्याचा फोन लागत नाहीये..."

मामांनी रंधा खाली ठेवला. फोन न ऐकताच. तो पापुद्रा उचलून खिशात घातला त्यांनी, आणि आजपर्यंत टाकलेला नाही.

मी तसाच कोथरूडला गेलो. विमलाबाईंकडे. बेल वाजवली तर आतून आवाज, "दुपारी माणसं झोपतात हे तुमच्या घरी शिकवलं नाही का?" भाच्याने दार उघडलं. बाई खुर्चीत होत्या, शाल गळ्यापर्यंत. पुण्यात एप्रिल, आणि शाल. शालीच्या खाली खुर्चीची सीट रिकामी दिसत होती. पाय सीटच्या कडेपर्यंतही पोचत नव्हते.

मी म्हटलं, "चौकटीचं विचारायला आलोय."

बाई भाच्याला म्हणाल्या, "तू आत जा." मग माझ्याकडे बघितलं. "नवीन नाव पडलं ना? मला कळलं. रविवारी पाय दुखायचे थांबले."

"लहान मुलगी आहे हो ती."

"मला वाटलं, घर घेणारा स्वतःचं नाव घालेल," म्हणाल्या. "पुरुष आहे, उंचापुरा आहे, पुरला असता." मग शालीकडे बघत म्हणाल्या, "वाईट वाटलं मला. खोटं नाही सांगत. पण त्या रात्री झोप लागली. किती वर्षांनी."

"रोज पडते का रेघ?"

"त्याच्या मनाला येईल तेव्हा. कधी महिना काही नाही, कधी लागोपाठ."

"कोण आहे तो?"

"मला काय माहीत? मी भाडेकरू म्हणून आले तिथे, घर मागाहून घेतलं." शाल वर ओढली त्यांनी. "एका वेळी एकच धरतो. दुसरं नाव आलं की पहिल्याला सोडतो. गेलेलं परत देत नाही. आणि खोडू नका."

"खोडलं तर?"

"मथुरावन्संनी खोडायला घेतलं होतं. स्वतःचंच." एवढंच म्हणाल्या. मग, "निघताना दार नीट लावा, आपटू नका."

परत आलो. जिन्यात पाऊल टाकलं तेव्हाच तो वास आला. हिराची आणखी एक रेघ. ती मूळची एवढीशी, तिच्याकडे खाली जायला जागा तरी किती?

विचार नाही केला फार. केला असता तर घरी गेलो असतो. दशरथमामांना म्हटलं, रेघ मारा माझी. ते म्हणाले, "न्हाई भाऊ. माझ्या हातनं न्हाई व्हायचं." मग मीच उभा राहिलो, पट्टी डोक्यावर धरली, मागे हात नेऊन रेघ मारली. वाकडी आली. नाव घातलं, सुदर्शन. मामा दाराबाहेर पाठ करून उभे होते.

हिराचं थांबलं. त्या दिवसापासून तिच्या नावाची एकही रेघ नाही. प्रज्ञेशला मी काही सांगितलं नाही, ओलीचा प्रॉब्लेम आहे म्हणून त्याला इथे राहायला येऊ दिलं नाही. पेठेत नाव लावायचं होतं त्याला, अजून बोलत नाही माझ्याशी धड. चालायचंच.

माझं म्हणशील, तर आधी मोटरसायकल विकली, पाय टेकेनात. मग स्कूटी. आता पीएमटी. मागच्या आठवड्यात कंडक्टरने चेहरा न बघताच हाफ तिकीट फाडलं. मी घेतलं. शिंपी म्हणाला, साहेब, यापेक्षा नवीनच शिवा, शाळेचं माप चालेल. आता शिडी चढता येत नाही, म्हणून मॅडमनी तुला पाठवलं. त्यांना मी पाठीचं दुखणं सांगितलंय.

गेल्या रविवारी आम्रपाली हिराला घेऊन आली होती माझ्या घरी. हिरा माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली, डोक्यावर हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "काका, मी जिंकले." टाचा टेकलेल्या होत्या तिच्या. चीटिंग नव्हतं. आम्रपाली हसायला गेली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

मी कोणाला उभं करणार नाही इथे. ते ठरलंय माझं. म्हणून तर फ्लॅटला कुलूप, आणि आत एकही पेन्सिल नाही. होत्या त्या सगळ्या मी नदीत टाकल्या, माप घ्यायला आम्ही खडू वापरतो. तुझ्याकडेही नाहीये ना? पर्समध्ये? बघ एकदा.

आता ऐक, आणि घाबरू नको. तिथे ओला रंग नाहीये. खरवडल्यापासून नुसतं लाकूडच आहे. तुला टेकू नको म्हटलं, कारण आज सकाळी कुलूप उघडलं तेव्हा माझ्या शेवटच्या रेघेच्या वर एक नवीन नाव होतं. नुसतं नाव, रेघ नाही. निकिता. मॅडमचा फोन त्यानंतर आला. तोवर मला तुझं नाव कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून म्हटलं, सगळं सांगून टाकू आणि तुला परत पाठवू. जा तू. मॅडमना सांग, साइट आवडली नाही.

थांब. वास येतोय का तुला?

इकडे ये, माझ्याजवळ. हळू. मागे बघू नको.

स्कार्फ सोडलास तेव्हा केस मोकळे सोडले होतेस ना? मग हा अंबाडा कधी बांधलास... आणि त्यात ती पेन्सिल कोणी खोचली?