आबांच्या व्हिडिओ गेमची निळी लाईट

औरादच्या आठवडी बाजारातून स्नेहलनं दोन वस्तू आणल्या. वांगी आणि निळी एलईडी. वांगी आईनं सांगितली होती. एलईडी आबांच्या व्हिडिओ गेमसाठी होती.

माणिकरावआबा, म्हणजे तिचे आजोबा, जन्मभर बसचे कंडक्टर. रिटायर झाल्यावर त्यांनी जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडला आणि समोर ठाण मांडलं. रत्नपालकाका कलबुर्गीहून सुट्टीला आला की बापलेक एकमेकांना शिव्या देत खेळायचे. गेल्या वर्षी आबा गेले. काकानं गेमचा पिवळट डबा कपाटावर ठेवला, आणि त्या दिवसापासून काका हसलेला कुणी पाहिला नव्हता.

आज काकाचा पन्नासावा वाढदिवस. डब्याची लाल लाईट कधीच मेली होती. तिथं निळी बसवायची आणि काका दारात आला की खेळ सुरू, असा स्नेहलचा बेत. पण तिच्या हातून डबा जळला तर? आबांची एवढीच वस्तू घरात उरली होती.

आई आणि काकू विहारात वंदनेला गेलेल्या. दिवेलागणीची वेळ, आभाळ भरून आलेलं. घरात फक्त ती आणि काकाची मुलगी प्रियंका. सोल्डरिंग आटपतच आलं होतं, तोच लाईट गेली.

"आई गं!" स्नेहल ओरडली.

"लाईट गेलीय अक्का, वाघ न्हाई आला," प्रियंका खिदळली. "आटप, पप्पाचा फोन आलता. बस फाट्यावर पोचलीय."

स्नेहलनं मोबाइलच्या उजेडात घाईघाईनं झाकण बसवलं, स्क्रू पिळले. खोलीत वितळलेल्या कथिलाचा वास भरून राहिला होता. डब्याच्या जुन्या ॲडाप्टरला तडा गेलेला, म्हणून तिनं वायफायचा नवा उचलला. पिन तर तशीच होती. ती पिन डब्याजवळ नेली...

निळी लाईट पेटली. एकदाच. विझली.

स्नेहल गोठली. पिन अजून हातातच होती. टीव्हीची वायर सोडली तर डब्याला काहीच जोडलेलं नव्हतं, आणि अख्ख्या गल्लीत लाईट नव्हती.

"त्... तू बघितलंस?"

"आत उरलेला करंट असंल," प्रियंका म्हणाली. "घाल की पिन. कामून थांबलीस?"

स्नेहलनं पिन पुन्हा पुढं केली. पुन्हा लाईट पेटली... एकदाच. या वेळी जरा जास्त वेळ. रागावल्यासारखी.

आता प्रियंकाही हसली नाही. बाहेर कुत्रं भुंकायचं थांबलं. कथिलाच्या वासात दुसराच एक वास मिसळला, डिझेलचा आणि जुन्या खाकी कापडाचा.

"अक्का," प्रियंका हळूच म्हणाली, "आबांची एक शिट्टी म्हंजे..."

"थांब," स्नेहलनं वाक्य पुरं केलं.

आबा घरातही शिट्टी गळ्यातच ठेवायचे. कुणी तापल्या तव्याला हात लावायला गेलं की एक शिट्टी. थांब. ताटं वाढून झाली की दोन. रैट, म्हणजे चला!

स्नेहलनं दोन्ही ॲडाप्टर उजेडात धरले. जुन्यावरची खूण पाहिली, मग नव्यावरची. पिन सारखी, पण अधिक-उणे बरोबर उलटं. खुपसला असता तर परत लाईट आल्याबरोबर डबा आतून जळून कोळसा झाला असता.

तिनं नवा ॲडाप्टर खाली ठेवला. जुन्याच्या तड्यावर चिकटपट्टी गुंडाळली, तो भिंतीतल्या बोर्डात खोचला आणि डोळे मिटून विचारलं, "हा... हा घालू?"

"पेटली!" प्रियंका कुजबुजली. "दोनदा!"

पिन आत गेली आणि घरात लाईट आली. गल्लीतली पोरं ओरडली. टीव्हीवर रंगीत चित्र उमटलं, डब्यावर निळा उजेड शांत पसरला. नेमका तेव्हाच काका बॅग घेऊन दारात उभा होता.

तो चपला न काढताच खाली बसला, गेमचा रिमोट उचलला आणि पाचव्या मिनिटाला ओरडला, "अरं उडी मार की गाढवा! आबा बघायलेत, लाज काढायलास व्हय माझी?"

आणि हसला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. स्नेहललाही हुंदका आला, हसूही आलं. तिला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

प्रियंका डब्याशी वाकून बाजूच्या जाळीतून आत बघत होती. तिनं स्नेहलची ओढणी ओढली.

"अक्का... ही एक वायर मोकळीच लोंबायलीय गं."

स्नेहलनं वाकून पाहिलं. घाईत एलईडीचा एकच पाय जोडला गेला होता. दुसरा हवेत. एका पायावर एलईडी पेटत नाही, हे तिला डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

"पप्पाला सांगायचं?"

काका गालिच्यावर एका कडेला सरकून बसला होता. शेजारी एका माणसापुरती जागा त्यानं सोडली होती. दुसरा रिमोट तिथं पडला होता.

"नको," स्नेहल म्हणाली. "डाव संपू दे."

निळी लाईट पेटलेलीच होती.