पेटीतल्या आक्का

इंदुमती आक्का ग्रामसभेला पोचल्या, तेव्हा इंदुमती आक्का आधीच बोलायला लागल्या होत्या.

समाजमंदिराच्या कर्ण्यातून त्यांचाच आवाज येत होता. तोही बारा वर्षांपूर्वीचा, खणखणीत. "रस्ता आधी, कमान मागाहून! कमानीखालून चिखल तुडवत जायचंय का?" लोक हसले. आक्का दारात काठी टेकून उभ्या राहिल्या. हे आपण कधी म्हटलं होतं, ते त्यांना काही केल्या आठवेना. म्हटलं नसेल, तरी म्हटलं असतं, एवढं मात्र खरं. मेली पेटी हुशार होती.

पेटी म्हणजे प्रतिमत. माणसाने आजवर जे जे सांगितलं, सही करून ठरवलं, त्यावरून तो आज काय म्हणेल हे ताडणारं यंत्र. तांबेखोऱ्याच्या ग्रामपंचायतीत ते बसवून तीन वर्षं झाली होती. आक्का पंधरा वर्षं सरपंच होत्या, जिल्ह्यात त्यांचा दरारा होता. त्यांच्या काळातल्या सभांच्या नोंदवह्या, भाषणं, पार भांडणंसुद्धा पेटीला खाऊ घातली होती. पुढे आक्कांना अर्धांगाचा झटका आला, जीभ जड झाली, आणि गावाने कुणाला न विचारता वाटणी करून टाकली. घरातल्या आक्कांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि चहा. निर्णय पेटीतल्या आक्कांचा.

"आता नव्या नळयोजनेचा विषय," सरपंच वैजयंता गुरव म्हणाली. पोरगी आक्कांच्याच तालमीत तयार झालेली.

मागच्या भिंतीपासून ठकू कोकरे उठली. तिचा धनगरवाडा गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. खालच्या विहिरीवरून हंडे वाहून वाहून पन्नाशीतच तिची मान आखडली होती.

"आमची एकवीस घरं ह्यात धरल्यात का न्हाईत, तेवढं सांगा."

वैजयंताने पेटीकडे पाहिलं.

"धनगरवाड्यावर पाणी चढत नाही," पेटी अगदी मायेने म्हणाली. "ठराव क्रमांक चौदा. त्यांच्यासाठी पुढे वेगळी योजना बघू."

"चढतं!" आक्का धडपडत उठल्या. "तेव्हाही च... चढत होतं. ठकूच्या वाड्यावर नळ गेलाच पाहिजे."

सभेत खसखस पिकली. "आक्का, बसा बघू, दमाल," कुणीतरी म्हणालं. "तिकडनं तुम्हीच सांगताय की!"

ग्रामसेवक निकम भाऊसाहेबांनी पडद्यावर बोट फिरवलं. "पेटीशी जुळणी एकतीस टक्के," ते ओशाळून म्हणाले. "चाळीसच्या खाली आली की बोलणं वयोमानाचा गोंधळ धरायचं. रागावू नका आक्का, संमतिपत्रावर सही तुमचीच आहे."

सही होती खरी. तीन वर्षांपूर्वी, हातपाय धड असताना केलेली. म्हातारपणी मी काही वेडंवाकडं बोलले, तर माझ्या मतांचं माझ्यापासून रक्षण व्हावं. काय रुबाबदार वाटलं होतं तेव्हा ते वाक्य! आपल्याच हाताने दाराला कडी घातली होती, आणि दाराबाहेर आपणच उभ्या होतो.

आता एकच वाट उरली होती, आणि ती आक्कांना नको होती. समोर भिंतीवर यशवंतरावांचा, त्यांच्या नवऱ्याचा, हार घातलेला फोटो होता. शाळेतल्या पोरी पंधरा ऑगस्टला आक्कांवर भाषण करायच्या, "स्वतःच्या पायावर उभी राहिलेली आमची पहिली महिला सरपंच." त्या पोरींपैकी दोघी-तिघी इथेच पुढ्यात मांडी घालून बसल्या होत्या. आक्कांना वाटलं, बसावं गुपचूप. चहा येईल. मग त्यांची नजर ठकूच्या मानेकडे गेली, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

"भाऊसाहेब, चौदा नंबरचा ठराव झाला त्या दिवशी मी सभेत न... नव्हते," त्या म्हणाल्या. "घरी कुरडया घालत होते. वही घरी आली. मी चिकाचे हात धुतले आणि सही केली."

कुणी हसलं नाही.

"पहिली पाच वर्षं मी खुर्चीवर नुसती बसले. कधी तेवढीही नाही. बोलायचे ते हे," आक्कांनी काठी फोटोकडे उचलली. "आणि लिहिणारा वहीत लिहायचा, सरपंचांनी सांगितले की. कोकऱ्यांनी सोसायटीच्या निवडणुकीत यांना मतं दिली नव्हती. म्हणून त्यांच्यापुरतं पाणी चढेना झालं. बाकी अडचण काही नव्हती. इंजिनिअर पंपाचा नकाशा घेऊन दारात उभा होता."

बोलून झालं तेव्हा त्या काठीवर रेलल्या. लाज तर वाटतच होती, पण छातीवरचा धोंडाही उतरला होता. वैजयंताने उठून त्यांना खुर्चीत बसवलं आणि निकमांना म्हणाली, "ती पाच वर्षं पेटीतून काढा. आक्कांची दहाच वर्षं ठेवा. मग विचारू."

"त्या वर्षांतले बाकीचे ठराव?"

"आधी काढा हो!"

दहा मिनिटं लागली. नळावरची भांडणंसुद्धा कुणी ऐकली नसतील एवढ्या शांतपणे गाव त्या काळ्या पेटीकडे कान लावून बसला. आक्कांनी पदर घट्ट धरला होता. आता तरी ती आपल्यासारखं बोलेल.

"आधीची पाच वर्षं वगळली आहेत," पेटी म्हणाली. आवाज तोच, माया तीच. "त्यानंतर मी दहा वर्षं स्वतः कारभार पाहिला. अठ्ठावीस जुने ठराव फिरवले. दारूचं दुकान उठवलं, मसणवट्याची वाट काढली. चौदा नंबरला मी हात लावला नाही. माझ्या स्वभावाची बाई न पटणारी गोष्ट दहा वर्षं चालू देत नाही. म्हणजे तो ठराव मला मान्य होता. धनगरवाडा पुढच्या योजनेत घ्यावा."

आक्कांनी तोंड उघडलं. शब्द होते, पण जुळणी किती टक्के येईल, या धास्तीने ते दातांआडच राहिले. स्वतःच्या आवाजाशी वाद कसा घालायचा, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

वैजयंताने हात वर करायला सांगितले. ती स्वतः ठकूच्या बाजूने होती, आणखी अकरा हात होते, पोरींचेही वर गेले, पण ते मोजण्यात धरत नाहीत. बाकीचा गाव पेटीच्या मागे गेला. गेली तीन वर्षं पेटीचं काही चुकलं नव्हतं, आणि वरच्या वाड्याला पाणी दिलं की खालच्या नळाची धार बारीक होणार, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. ठराव मंजूर झाला. माणसं चपला शोधू लागली.

ठकू मात्र गर्दीच्या उलट दिशेने, आखडलेली मान एका बाजूला धरून, पहिल्या रांगेपर्यंत आली आणि आक्कांच्या पुढ्यात खाली बसली.

"मशिनीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच आक्कांना सोसवेना. "आक्का, मला तुमच्या तोंडानं सांगा. त्या धा वर्सांत आमची कवा सय तरी आली का?"

"रोज," आक्का म्हणाल्या. या एका शब्दावर त्यांची जीभ अडखळली नाही.

ठकूने आखडलेली मान कष्टाने वर केली.

"मग?"